ओला असताना आरसा

९ सप्टेंबर, मंगळवार

यंत्र आलं. एकदाचं आलं.

माझी बायको लीना तारेचे दागिने करते. तांब्याची तार वळवून दगडाभोवती गुंफायची, वर एक कडी काढायची, की पेंडंट तयार. दगड ती जयपूरहून घासलेले, चकचकीत मागवते. मी कधीपासून सांगतोय की हे म्हणजे घरात तांदूळ असताना बाहेरून भात मागवणं झालं. आजपासून दगड मी घासणार. १२ ऑक्टोबरला इथल्या मराठी मंडळाचं दिवाळी प्रदर्शन आहे, लीनाचं त्यात टेबल असतं. यंदा टेबलावर निम्मे दगड माझे असतील. निम्मे कशाला, सगळेच.

सेक्टर ३४ मध्ये कोचिंगला फिजिक्स शिकवतो. घर्षण हा माझा हातखंडा विषय. माझ्या घर्षणासाठी पोरं पार अंबाल्याहून येतात. आणि दगड घासणं म्हणजे दुसरं काय असतं?

आई म्हणाली, पितृपक्षात नवीन यंत्र सुरू करू नये माधवा. मी म्हणालो, मोटरला पितृपक्ष कळत नाही. लगेच लावलं. घरातली सगळी वीज गेली. वायरिंग जुनं आहे.

१० सप्टेंबर

पहिला दगड. करडा अकीक, यंत्राबरोबर फुकट आलेला.

यंत्र म्हणजे एक गरगर फिरणारी चकती, वरून पाण्याची बारीक धार. चकत्या पाच. ८० नंबरची सगळ्यात खरखरीत, मग २२०, ६००, १२०० आणि शेवटी ३०००, ती जवळजवळ मखमल. पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय, मधली एकही चकती गाळू नका. लिहिणाऱ्याला चकत्या विकायच्या आहेत, हे शेंबडं पोरही सांगेल. मी ८०, २२० आणि तिथून थेट ३०००.

दगड नळाखाली धरला. आरसा! बाल्कनीतली ट्यूबलाइट दिसली त्यात. पहिल्याच दिवशी. उगाच लोक याचे क्लास लावतात.

११ सप्टेंबर

सकाळपर्यंत दगड वाळला. ट्यूबलाइट दिसत नाही.

ओजस्विनीने हातात घेतला. बाबा, ये तो सूखा आलू है, म्हणाली. बारावीतली मुलगी, बापाशी मराठी बोलायची नाही, पण अपमान मात्र बरोबर करता येतो. लीना नुसती नखाने चरे चाचपत राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

मी दोघींना शास्त्रीय कारण समजावलं. पाणी चऱ्यांमध्ये भरतं, पृष्ठभाग एकसारखा होतो, प्रकाश विखुरत नाही. म्हणजे दोष दगडाचा नाही, हवेचा आहे. दगड मुळात ओलाच बघायला हवा. लीनाने विचारलं, मग बायकांनी गळ्यात पेंडंट आणि हातात पाण्याची बाटली घेऊन फिरायचं का?

या वृत्तीमुळेच घरात विज्ञान रुजत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

वार्निश लावून पाहिलं. दगड आणि अंगठा दोन्ही चमकले. दगडावरचं संध्याकाळी निघालं.

१७ सप्टेंबर

दुसरा दगड. हिरवट, मोठा, सुरेख. कागदावर लंबगोल आखून घेतला, पेनाने दगडावर उतरवला. ठरवलं होतं: घाई नाही, चिडचिड नाही, मोजून मापून काम.

डावी बाजू थोडी फुगीर वाटली म्हणून घासली. मग उजवी फुगीर वाटायला लागली. ती घासली. मग वरचं टोक बोचरं झालं, मग खालचं. जेवायला बसलो तेव्हा दगड चिंचोक्याएवढा होता. अजून डावीकडे थोडा फुगीर आहेच.

लीना म्हणाली, पुरे कर, नाहीतर शिंकेत उडेल. मी म्हणालो, कानातलं होईल. ती म्हणाली, कानातली दोन लागतात.

२१ सप्टेंबर, रविवार

दगड बोटांत धरून घासला की बोटं सोलतात. म्हणून तो लाखेने काडीच्या टोकाला चिकटवून काडी धरायची असते. लाख वितळवत बसायला मला वेळ नाही. इन्स्टंट गोंद वापरला. मस्त चिकटला. चकतीला लावला आणि सुटला.

कुठे गेला ते दिसलं नाही. थोड्या वेळाने बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे नरेशजी दगड हातात घेऊन उभे. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं नटबोल्टचं युनिट आहे, आवाजाची सवय आहे, पण दहीभल्ल्यात वरून दगड पडण्याची नाही. प्रोफेसर साहब, ये आपका है? मी म्हणालो, जी. ते म्हणाले, जरा देख के, यार.

दगड धुवून बघितला. ओला होता. आरसा.

२४ सप्टेंबर

आज लीनाशी कडाक्याचं भांडण.

मी तिला चार दगड दिले आणि म्हणालो, घे, गुंफ. ती तार वळवते, आवळते, दगड सुळ्ळकन बाहेर. पुन्हा वळवते, पुन्हा बाहेर. म्हणाली, माधव, याला कड कुठे आहे? दगडाच्या भोवती बारीक उभी कड सोडावी लागते, तार तिथे बसते. तू सगळीकडून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत केलायस, मी पकडू कुठे?

मी म्हणालो, पकड तारेची कमी आहे. तिने पक्कड टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. म्हणाली, मी प्रदर्शनासाठी जयपूरला ऑर्डर देऊन टाकली आहे, माल येईलच.

म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. सगळे दगड नकोत तुला, कबूल. पण एक? त्या टेबलावर माझा एक दगड तरी दिसला पाहिजे. एक.

२५ सप्टेंबर

संकल्प:
कड सोडायची.
लाखच वापरायची.
रोज पहाटे तासभर.
लीनाला अंतिम फेरीपर्यंत काही दाखवायचं नाही.

२६ सप्टेंबर

उशिरा उठलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला, रंगारी आले. सगळं सामान खोक्यांत, खोकी एकावर एक, मी खोक्यांमधून वाट काढतोय. माझं यंत्र मात्र बाल्कनीतून हलवू दिलं नाही.

आईचं देवघरही उतरवलं. देव म्हणजे पंचायतन. मूर्ती नाहीत, पाच दगड, पाच देव. माझ्या पणजोबांपासून कराडच्या घरात होते. बाबा गेल्यावर आई इकडे राहायला आली, तेव्हा कपड्यांची बॅग रेल्वेत सामानाखाली टाकली आणि देव मांडीवर घेऊन बसली. रोज तीच पूजा करते. मी त्या बाजूला फिरकत नाही. माझी वैचारिक भूमिका आहे आणि आईला ती माहीत आहे. देव कुठेतरी नीट बांधून ठेवलेत म्हणाली. रंग होईपर्यंत सुपारीवर पूजा भागवणार. मी हूं म्हणालो.

४ ऑक्टोबर, शनिवार

लीनाचा जयपूरचा माल सापडला!

मधल्या खोलीत, माझ्या दगडांच्या डब्यांशेजारी एक स्टीलचा डबा. उघडला तर आत तांदूळ, आणि तांदळात पुरलेले दगड. क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, भिंती ओल्या आहेत, ओलावा शोषून घ्यायला तांदूळ. भिजलेला मोबाइल ठेवतात तसे. लीनाला हे सुचलं याचं कौतुक वाटलं. माझ्या सहवासाचा परिणाम.

पाच नग. एक काळा गुळगुळीत, त्याला काही करायला नको. एक पांढरट, लांबट. एक स्फटिक. एक सोनेरी ठिपक्यांचा, बरा. आणि एक लाल.

लाल बघून हरखलोच. वरून जरा लाल पूड लागलेली, बोटाला रंग आला. लोहाचं ऑक्साइड. म्हणजे जॅस्पर, पक्का. आकार मात्र जयपूरवाल्याने अगदीच गबाळा ठेवलाय. खाली बेढब फुगवटा, वर एक टेंगूळ. पण मधून एक पांढरी रेघ जाते, बोटाला किंचित उंच लागते, वरून खाली येऊन डावीकडे वळते. काय सुंदर रेघ! हिला मधोमध घेऊन लंबगोल काढला तर लीनाला नाही म्हणताच येणार नाही.

लालच घेतला. बाकीचे पुन्हा तांदळात. मी कामाच्या बाबतीत काटेकोर आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

लाख वापरली. कड सोडली. फुगवटा पूर्ण काढला, टेंगूळ काढलं. डावी-उजवीच्या भानगडीत पडलो नाही. सहाशेची चकती लावणार होतो, पण खोक्यांत कुठे गेली देव जाणे. २२० वरून ३०००.

खालून नरेशजींचा फोन. त्यांच्या पांढऱ्या ॲक्टिव्हावर वरून लाल पाणी ठिबकतंय. मी म्हणालो, जॅस्पर है जी. ते म्हणाले, जो भी है, बंद करो जी.

वाळल्यावर किंचित चरे दिसत होते. स्वयंपाकघरात खोबरेल दिसलं, त्याचा एक हात फिरवला. ही फसवणूक नव्हे, हे फिनिशिंग.

६ ऑक्टोबर

लीनाला दाखवला.

तिने उजेडात धरला. उलटा केला. कडेवरून बोट फिरवलं. आणि म्हणाली, माधव, हा तू केलास? कुठून आणलास? मी म्हणालो, तुझ्याच डब्यातला. ती म्हणाली, जुन्या मालातला दिसतोय, पण हा छान आहे. अरे, खरंच छान आहे.

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

७ ऑक्टोबर

पेंडंट झालं. दोन्ही बाजूंनी तांब्याची वेटोळी, वर कडी, रेघ बरोबर मध्ये. लीना म्हणाली, हे प्रदर्शनात मधोमध मांडू, विकायचं नाही. ओजस्विनीसुद्धा म्हणाली, बाबा, नॉट बॅड.

क्लासमध्ये घर्षण पुन्हा शिकवलं. अभ्यासक्रमात नव्हतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी

रंगारी गेले. देवघर लागलं. आज संकष्टी, आईचा चंद्रोदयापर्यंत उपास. आणि अख्ख्या शहरात करवा चौथ. इमारतीतल्या झाडून सगळ्या बायका उपाशी आणि मेंदी लावून. मी दोनदा नाश्ता केला.

सकाळी, नंतर

आईचा गणपती हरवला आहे. पाचातले चार सापडले, गणपती नाही. आई तांदूळ परातीत ओतून बोटांनी चाळते आहे. तिला हल्ली नीट दिसत नाही, देव हाताने ओळखते.

मी सगळ्यांना एकत्र बसवून बोललो. या घरात वस्तू जागेवर ठेवायची सवय कुणालाच नाही. मौल्यवान वस्तूंवर लेबल लावायला काय होतं? माझे डबे बघा.

दुपारी

स्वतः जातीने शोधतोय. खोकी, गाद्या, फ्रिजच्या मागे. सहाशेची चकती सापडली. गणपती नाही. लीनाने रंगाऱ्याला फोन केला, तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मी आईला म्हणालो, सुपारी आहेच की. ती म्हणाली, सुपारी बदलीवर होती. मग म्हणाली, सापडेपर्यंत मी जेवणार नाही.

एक्याऐंशी वर्षांची आहे. शुगर आहे. हट्टालाही काही मर्यादा असते. मी चिडलो. मग दुकानात जाऊन पितळेचा आणला, चांगला ऐटबाज. तिने हातात घेतला, चाचपला, परत दिला. हा कोण, म्हणाली.

संध्याकाळी

लीना तिला धरून गच्चीवर घेऊन गेली आहे, निदान चंद्र तरी बघेल. गच्चीवर सगळ्या नटलेल्या असणार, म्हणून लीनाने माझं पेंडंट घातलं. मीच सुचवलं. एवढ्या काळजीतही मला कलेचं भान आहे. मीही वर जातो.

त्यानंतर

लिहायलाच हवं.

गच्चीवर नरेशजी, त्यांच्या मिसेस, इतर जोडपी, चाळण्या, दिवे. चंद्र निघायचा होता. मला वाटलं, नरेशजींच्या ॲक्टिव्हावर जे लाल पाणी पडलं त्याचं चीज काय झालं, हे त्यांना दाखवावं. मी लीनाला दिव्याखाली उभं केलं. देखो जी, खुद बनाया. सगळ्या बायका जमल्या. वाह जी वाह झालं. आईही कुतूहलाने जवळ आली, काय आहे रे? मी म्हणालो, बघ की, हात लावून बघ.

तिने हात लावला. रेघेवरून बोट नेलं, वरून खाली, डावीकडे वळवलं. पुन्हा वरून खाली.

लीना, म्हणाली, गळ्यात गणपती का घातलास?

मग आईने दगडाच्या खालच्या बाजूला चाचपलं आणि माझ्याकडे वळली.

माधवा, याचं पोट कुठं गेलं?

नरेशजींना ओजस्विनीने हिंदीत समजावलं. त्यांनी चपला काढल्या आणि लीनाच्या गळ्यासमोर हात जोडले. मग त्यांच्या मिसेसनी जोडले. मग सगळ्यांनीच. लीनाला हलता येईना. इतक्यात चंद्र निघाला. बायकांनी नवऱ्यांकडे चाळणीतून पाहिलं. आईने चंद्राला अर्घ्य दिलं, घरून डबा मागवला आणि लीनाच्या गळ्याला मोदकाचा नैवेद्य दाखवला. मग गच्चीवरच खुर्चीत बसून जेवली.

ती जेवली. एवढंच चांगलं झालं.

मला सगळं आठवत होतं. फुगवटा. टेंगूळ. त्याची लाल पूड कालपर्यंत नरेशजींच्या गाडीवर होती.

११ ऑक्टोबर

लीनाने तार कापून काढली. मी मदत करू का म्हणालो, तर तिघी एकदम नको म्हणाल्या.

माझी बाजू: डब्यावर लेबल नव्हतं. लीनाचाही माल त्याच आठवड्यात यायचा होता (आज आला). लीनानेही ओळखला नाही. ती म्हणाली, मी तो कायम गंध आणि जास्वंदीखाली पाहिला, आणि पोटासकट पाहिला. आणि तू? एकाच घरात राहतोस.

वैचारिक भूमिका म्हणून दाखवली, पण ती नीट उभी राहिली नाही.

कराडहून मामाने फोनवर सांगितलं, आता तो नदीत सोडा, दुसरा आणा. आई म्हणाली, बारीक झाला म्हणून घराबाहेर काढायचा का? मीपण निम्मी झालेय. आणि फोन ठेवला.

मग मला म्हणाली, आजपासून पूजा तू करायचीस. मला आता तो हाताला नीट लागत नाही, एक रेघ सोडली तर सगळा गुळगुळीत झालाय. तुला तरी माहीत आहे कसा आहे ते.

हे ती रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रदर्शन. लीनाच्या टेबलावर सगळा जयपूरचा माल. पंखा जोरात होता, टेबलक्लॉथ उडत होतं. तिने पिशवीतून माझे चार दगड काढले आणि चार कोपऱ्यांवर ठेवले.

म्हणजे टेबलावर माझे दगड होते. एक नव्हे, चार.

एका बाईंनी त्यातला एक उचलून विचारलं, हा कितीला? लीना म्हणाली, तो विकायचा नाही हो, तो नुसता वजनाला आहे.

१३ ऑक्टोबर

पूजा केली. पाणी जास्त ओतलं. सूर्य, म्हणजे तो स्फटिक, देवघराखाली घरंगळला.

१६ ऑक्टोबर

आई शेजारी बसून सांगते. आधी कोण, मग कोण, गंध कुठे. मी कोचिंगमध्ये कुणालाच इतके प्रश्न विचारू देत नाही. ती सगळ्यांची उत्तरं देते.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

उटणं, अभ्यंगस्नान, सगळं झालं. ताम्हनात पाचही मांडले. पळीने पाण्याची धार धरली.

गणपतीवर पाणी पडलं आणि आरसा. अक्षरशः आरसा. सोंड स्वच्छ दिसत होती, समईची ज्योत दिसत होती. ओजस्विनीला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं, आणि चक्क मराठीत म्हणाली, बाबा, छान दिसतोय. लीनाही येऊन उभी राहिली. मला भरून आलं.

मग रीतीप्रमाणे मऊ फडक्याने पुसला.

रोजच्या पाण्याने खोबरेल केव्हाच धुऊन गेलं आहे. चरे. २२० चे, सगळेच्या सगळे, पोटावरून आडवे. म्हणजे जिथे पोट होतं तिथून. तिघींनी पाहिले. मीच म्हणालो, थांबा, सहाशेची चकती सापडली आहे, नुसता एक हात, आणि उठायला लागलो.

आईने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

बस खाली, म्हणाली. आणि इतका पुसू नकोस त्याला. राहू दे ओलाच.